उशीवरचे न्यायाधीश

नोव्हेंबर आल्याचं आमच्या घरात सगळ्यांच्या आधी मला कळतं, आणि ते नाकाने कळतं. म्युनिकच्या या इमारतीच्या जिन्यात तेव्हा तीन वास एकमेकांवर रेलून उभे असतात: ओल्या लोकरीचा, लाकडी पायऱ्यांना चोळलेल्या मेणाचा, आणि कुणाच्या तरी घरी सकाळपासून शिजत पडलेल्या कोबीचा. बाहेर धुकं असतं. त्याला धुकं म्हणणं हा महाबळेश्वरच्या धुक्याचा अपमान आहे. भांडी विसळून फेकलेलं पाणी खाली न पडता हवेतच अडकून राहावं, तसं ते दिसतं. दुपारी चारलाच सूर्य रजा टाकून निघून जातो. लोक कबरींवर दिवे लावून येतात, घरी येऊन केक खातात, आणि मी खिडकीशी उभा राहून म्हणतो, "आला मेला."

"कोण?" शालिनी विचारते. शालिनी म्हणजे आमची सौभाग्यवती.

"नोव्हेंबर."

"दर वर्षी येतो तो. तुम्ही असं करता, जसं काही त्याने तुम्हाला विचारून यायला हवं होतं."

विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण मला कोण विचारतो! एकोणीसशे पन्नासचं दशक अर्धं सरलं तेव्हा मी इथे वाफेचे बॉयलर शिकायला आलो, आणि बॉयलरसारखाच इथे बसवला गेलो. आता हलवायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागेल. आकारही हळूहळू तसाच होत चालला आहे, असं शालिनीचं निरीक्षण आहे. केस गेले, पोट आलं, शहरात भुयारी रेल्वेसाठी रस्ते खणायला लागले, पण नोव्हेंबरचा वास तस्सा आहे.

या वर्षी त्या वासाबरोबर आणखी एक गोष्ट आली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर (इथे बाई म्हणजे फ्राऊ आणि बुवा म्हणजे हेर) जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, की चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी झेनची, म्हणजे जपानी ध्यानाची, बैठक सुरू झाली आहे, उश्या आहेत, चहा आहे, आणि मी भारतीय असल्यामुळे मी पुढच्या रांगेत बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

"जाऊन या की," शालिनी म्हणाली. "नाहीतरी संध्याकाळी घरी काय करता? नुसते बसून तर असता. तिथे तेच करायचं आहे, शिवाय चहा."

आमची मीनू नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, की बाबांना तर ते आपोआप येत असणार, फ्राऊ केलर म्हणतात भारतीयांच्या रक्तातच असतं.

  शालिनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, "काय झालं हो?"

मग मी तिला ओकाबेची गोष्ट सांगितली. पोळी करपली. दुसऱ्या दिवशी तिने फ्राऊ केलरना परस्पर सांगून टाकलं, की यांचे गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखतात, त्यामुळे ते खोटंही झालं नाही. तो विषय तिथे मिटला. माझ्या आत मात्र तो मिटेना, म्हणून हे लिहीत बसलो आहे.

त्या काळी मी फ्राऊ ब्रान्डल नावाच्या विधवेकडे खोली घेऊन राहत होतो. खोलीत कोळशाची शेगडी होती आणि कोळसा माझा मलाच आणावा लागे, म्हणजे शेगडी बहुतेक शोभेची असायची. अशा माणसाला कुणी ऊबदार घरी चहाला बोलावलं तर तो तत्त्वज्ञानाची चौकशी करत नाही. मला बोलावलं होतं नदीपलीकडच्या एका न्यायाधीशांनी. त्यांचं नाव विंटरहोलर, पण त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. त्यांचा हुद्दा एवढा लांब होता की तो पुरता म्हणेपर्यंत कॉफी निवायची. अर्धं शहर तेव्हा विटांच्या ढिगाऱ्यात होतं. न्यायाधीशांची गल्ली मात्र बॉम्ब टाकणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी. घर अखंड, पडदे अखंड, चिनी मातीचे कप अखंड. आठवड्यातून एकदा तिथे पंधरा-वीस माणसं जमत, दारात बूट काढत, आणि दिवाणखान्यात उश्यांवर बसून शून्याचा शोध घेत.

त्या उश्या मला अजून आठवतात. न्यायाधीशांच्या बायकोने त्या लष्करी कांबळ्यांच्या शिवल्या होत्या. युद्धातून उरलेली करडी, खरखरीत कांबळी. शेजारी शेगडी पेटली की ती तापत, आणि त्यांच्यातून भिजलेल्या घोड्यासारखा दर्प यायला लागे. त्यावर बायका-पुरुषांचे ओले लोकरी मोजे. डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष द्या म्हणत. श्वासाकडे लक्ष दिलं तर मरायची पाळी होती.

सर्वांना मांडी घालताना भयंकर यातना होत. एक दंतवैद्य तर असा कण्हायचा, की त्याचे रोगी ऐकते तर सुखावले असते. मी मात्र टुणकन बसायचो, आणि मग कुजबुज व्हायची, "बघा, हा कसा बसला!" आता ज्याचं बालपण पंगतीत गेलं, त्याला मांडी घातली की साधना वगैरे सुचत नाही. पान वाढायला घेतलं असेल असं वाटून तोंडाला पाणी सुटतं. तेच पाणी गिळत मी शून्याकडे टक लावून बसे. शून्याच्या पलीकडे टेबलावर केक झाकून ठेवलेला असे.

एकदा न्यायाधीश म्हणाले, "आज आपले भारतीय मित्र त्यांच्या परंपरेतलं काही म्हणून दाखवतील."

मला घाम फुटला. लहानपणी केलेली सगळी स्तोत्रं त्या क्षणी अंगावरून झुरळ झटकावं तशी झटकली गेली. एकही ओळ आठवेना. वीस माणसं डोळे मिटून वाट बघताहेत. शेवटी जे आतून आलं ते म्हणायला लागलो, घोगऱ्या आवाजात, हेल काढून: "एक औटं औट... बे औटं सात... त्रिक औटं साडेदहा..." साडेतीनचा पाढा. चौथीतल्या मास्तरांनी छडीच्या धाकाने मेंदूत असा ठोकला होता, की तो निघायचं नाव नाही. दहापर्यंत म्हटला. मग उत्साहाच्या भरात अडीचकीही म्हटली.

पाढे संपले. दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एक बाई म्हणाल्या, की शब्द कळला नाही हे किती बरं झालं, त्यामुळे थेट भिडलं. मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण हसू आलं नाही. हॉटेलात कुणी आपल्याला शिळं वाढावं आणि शेजारचा ते मिटक्या मारत खाताना दिसावा, तसं काहीतरी झालं.

परतताना ट्राममध्ये माझ्या शेजारी एक जपानी येऊन बसला. तो बैठकीत नेहमी कोपऱ्यात असे. चण लहान, चष्मा मोठा, आणि कोट असा, की तो आधी एखाद्या धिप्पाड जर्मनाचा असावा आणि तो जर्मन अजून आत कुठेतरी असावा.

"माफ करा," तो म्हणाला, "ते पाढे होते ना?"

मी चोरासारखं त्याच्याकडे पाहिलं. "कसं ओळखलंत?"

"आम्हीही असेच म्हणायचो. ओळ शेवटी वर जाते आणि मग खाली पडते. प्रार्थनेत माणूस इतका घाबरलेला नसतो."

दोघंही हसलो. एवढे, की कंडक्टरने वळून पाहिलं. तो ओकाबे. क्योतोहून तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट करायला आलेला, आणि न्यायाधीशांच्याच घरी वरच्या माळ्यावरच्या खोलीत फुकट राहणारा. न्यायाधीशांनी परदेशी लोकांच्या कचेरीत शब्द टाकला म्हणून त्याला इथे राहायची परवानगी मिळाली होती, आणि त्याचा प्रबंध ज्या प्रोफेसरांच्या हातात होता ते न्यायाधीशांचे जुने दोस्त.

ओकाबे ज्यांच्याकडे शिकला होता त्या लोकांनी म्हणे आयुष्यभर एकच उद्योग केला: युरोपचं तत्त्वज्ञान मुळापासून वाचायचं, आणि मग युरोपला त्याच्याच भाषेत सांगायचं, की बाबा रे, तू एक पायरी सोडून सुरुवात केलीस. मला यातलं काही कळत नव्हतं. माझा शून्याशी संबंध निबंधाच्या पेपरापुरता. मग त्याने मला ट्रामच्या काचेवर समजावलं. काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरली होती. त्याने तिच्यात बोटाने एक माणूस काढला.

"हा 'मी'. युरोप याच्यापासून सुरुवात करतो. मी आहे, मग मी जग पाहतो. आम्ही म्हणतो, हा उमटला कशावर? आम्ही काचेकडे बघतो. काचेत 'मी' नाही, 'तू' नाही. ती मोकळी आहे, म्हणून सगळं तिच्यावर उमटतं."

पुढचा थांबा येईपर्यंत मला ते कळलं होतं. मग काचेवरचा माणूस ओघळला, आणि माझं कळणंही. पण इतकं आठवतं, की त्या थांब्यापुरतं जग फार हलकं आणि स्वच्छ वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जी किळस वाटली ती त्या काचेची नव्हती.

ती कशाची होती ते फ्राऊ ब्रान्डलनी दाखवून दिलं. एकदा मी न्यायाधीशांकडून आणलेला केकचा तुकडा त्यांना दिला, आणि कुठला म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी तो ताटलीसकट माझ्याकडे सरकवला.

"त्याच्याकडे जाता तुम्ही? युद्धाच्या शेवटच्या वसंतात, सगळं संपल्यात जमा होतं आणि पोरं बंदुका टाकून घरी चालत निघाली होती, तेव्हा अशा पळपुट्यांना सजा देणाऱ्या कोर्टात तो बसायचा. आमच्या गावच्या बेकरीवाल्याचा मुलगा. घर दोन गल्ल्यांवर राहिलं होतं त्याचं. झाडाला टांगला."

"आणि आता?"

"आता काय! सकाळी खुर्चीवर बसतो, संध्याकाळी उशीवर. बसायची सवयच आहे त्याला."

पुढच्या आठवड्यात मी बैठकीला गेलो. हो, गेलो. बाहेर बर्फाळ पाऊस होता आणि माझी शेगडी शोभेची होती. पण त्या दिवसापासून न्यायाधीशांचं बोलणं माझ्या कानात वेगळं पडायला लागलं. ओकाबेने ती काच त्यांनाही समजावली होती, आणि ती त्यांना फार आवडली होती. त्यातलं त्यांना पाहिजे ते त्यांनी नेमकं उचललं होतं: खरी ती काच, मग तिच्यावरचा माणूस कुणी काढला आणि कुणी पुसला, हे विचारायचंच कशाला? ते हे इतक्या हळुवार आवाजात सांगायचे, की ऐकणाऱ्याला पांघरूण घालून घ्यावंसं वाटे. आणि बोलताना ओकाबेकडे बघायचे. ओकाबे मान डोलवायचा.

हे मान डोलवणं ही एक वेगळीच आफत होती. जपानी माणूस समोरच्याचं बोलणं ऐकतो आहे हे दाखवायला दर वाक्याला मान हलवतो. ऐकलं, पोचलं, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. जर्मन माणूस 'गेनाऊ' म्हणताना मान हलवतो, म्हणजे अगदी बरोबर, सही कुठे करू! न्यायाधीशांच्या दृष्टीने ओकाबे गेले कित्येक महिने सह्या करत होता. माझी मान तर आपल्याकडच्या पद्धतीने डावी-उजवीकडे झुले. तिचा अर्थ काय लावायचा ते त्यांना न उमगल्यामुळे मी वाचलो.

"तू त्यांना सांगत का नाहीस?" मी ओकाबेला एकदा म्हटलं.

"काय?"

"की तुझं म्हणणं ते नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ते नाही, याची मला खात्री नाही."

तेव्हा मला वाटलं, तत्त्वज्ञानी माणसं अशीच बोलतात.

त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, प्रॉटेस्टंट लोक आपल्या मृतांची आठवण काढतात त्या दिवशी, न्यायाधीशांनी खास मंडळी बोलावली. प्रोफेसरही होते. न्यायाधीशांनी एक लेख लिहिला होता आणि तो एका मासिकात छापून येणार होता. आधी तो घरात वाचायचा, आणि मग एका जपानी विद्वानाने सर्वांसमोर त्याला दुजोरा द्यायचा, असा बेत. ओकाबेला तो आधीच स्पष्ट सांगितलेला होता. प्रोफेसरांनीही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, की आजची संध्याकाळ छान झाली तर मार्चमध्ये पदवीला हरकत दिसत नाही.

त्या दिवशी केक खसखशीचा होता. काळ्या खसखशीचा जाड थर, आणि तो आधी वाढला, वाचन नंतर. न्यायाधीश वाचायला लागले तेव्हा त्यांच्या दातांच्या फटीफटीत खसखस बसलेली. मी समोरच होतो. दुसरीकडे बघावं म्हटलं तरी नजर तिथेच जायची.

"तलवार खाली येते," ते वाचत होते, "पण ती कुणी चालवत नाही, आणि ती कुणावर पडत नाही. कृती घडते, कर्ता नसतो. पश्चिमेने अपराधाचं ओझं शतकानुशतकं वाहिलं, कारण पश्चिमेला 'मी' सोडता आला नाही. पूर्वेने ते केव्हाच खाली ठेवलं."

आणि खाली ठेवलं म्हणताना त्यांनी हातातला कागद इतक्या अलगद टेबलावर ठेवला, की एका बाईंनी सुस्कारा सोडला. सगळे हलके झाले होते. मला तर असं वाटलं की त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनातून काहीतरी उठून, अंग झाडून, चालतं झालं. बेकरीवाल्याच्या मुलाला झाडाला कुणी टांगलंच नव्हतं. तो आपला उमटला होता आणि ओघळला होता.

"हेर ओकाबे," न्यायाधीश म्हणाले, "तुमचे गुरुजन हेच शिकवतात ना?"

ओकाबेने मान हलवली नाही. प्रथमच. त्याने काटा ताटलीत ठेवला.

"हो," तो म्हणाला. "माझ्या सरांनी मला हेच शिकवलं. आम्हाला वर्गातून सैन्यात पाठवलं तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी हेच सांगितलं. मारणारा नाही, मरणारा नाही. आम्हाला फार बरं वाटलं. मी चीनमध्ये गेलो. तिथे नव्या शिपायांना सराव म्हणून कैदी देत. बांधलेले. माझ्या वाट्याला एक आला. मला सरांचं वाक्य आठवलं, आणि माझा हात हलका झाला. ते वाक्य नसतं तर कदाचित झाला नसता. हेर न्यायाधीश, तिथे मारणारा होता. तो मी होतो. मी मारलं."

शेगडीतला कोळसा फुटल्याचा आवाज ऐकू आला. माझ्या तोंडात केकचा घास होता आणि तो पुढेही जाईना, मागेही येईना. मला वाटलं, आता काहीतरी होणार. कुणीतरी उठेल. कुणीतरी रडेल, ओरडेल, याला घराबाहेर काढेल. न्यायाधीशांचा चेहरा तरी उतरेल.

टक् टक् टक्.

प्रोफेसर बोटांच्या पेरांनी टेबल वाजवत होते. इथल्या विद्यापीठांत टाळ्या वाजवत नाहीत, व्याख्यान आवडलं की बाकावर अशी पेरं आपटतात. मग दंतवैद्याने वाजवलं. मग सगळ्यांनी. कपबश्या किणकिणायला लागल्या. "खोल," कुणीतरी म्हणालं. "फार खोल."

आणि न्यायाधीश हसले, खसखशीसकट. त्यांच्या डोळ्यांत ओलावा होता. "बघितलंत? ज्याचा 'मी' पूर्ण गळाला, तोच इतक्या सहजपणे 'मी केलं' म्हणू शकतो! हा 'मी' शून्यातून बोलतो आहे. हेर ओकाबे, तुमची हरकत नसेल तर मी लेखाचा शेवट यानेच करतो."

ओकाबे उभा राहिला. चष्मा नाकावरून घसरला होता तो त्याने सावरला नाही. "नाही," तो म्हणाला. "नाही, नाही. मी मारलं."

त्यांनी पुन्हा टेबल वाजवलं.

मी तोंडातला घास नॅपकिनमध्ये काढला. न्यायाधीशांच्या बायकोने ते बघितलं आणि हळूच विचारलं, की केकमध्ये काही आलं का.

"म्हणजे त्या माणसाने कबूल केलं," हे ऐकताना शालिनी म्हणाली, "आणि यांनी टाळ्या वाजवल्या!"

"टाळ्या नाही. टेबल."

"तेच ते हो. शी!"

त्या 'शी'त सगळं आलं. पूर्व आणि पश्चिम यांच्या संवादाबद्दल हल्ली फार छापून येतं, आणि आमच्या कारखान्यातला एक इंजिनियरसुद्धा जेवणाच्या सुट्टीत मला शून्यता समजावून सांगतो. मी ऐकतो. मान डावी-उजवीकडे झुलवतो. पण शालिनीने जे एका अक्षरात सांगितलं ते मला अजून त्या चर्चेत कुठे सापडलेलं नाही. माणसाला उमगलेलं सगळं दुसऱ्याला उचलता येतं, काच उचलता येते, शून्य उचलता येतं, कबुलीसुद्धा उचलून आपल्या लेखाच्या शेवटी लावता येते. किळस तेवढी उचलता येत नाही. ती ज्याची त्याला यावी लागते. त्या दिवाणखान्यात वीस सुशिक्षित माणसं होती, आणि ज्यांना मळमळलं असे आम्ही दोघंच. त्यातला एक बॉयलरवाला, तेव्हा तो खसखशीनेही आजारी पडला असेल असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

मीनू एव्हाना गृहपाठ सोडून आमच्याकडे बघत होती. "आल्झो," म्हणजे तर मग, असं ती म्हणाली, आणि पुढे जर्मनमध्येच विचारलं, की मग त्या माणसाला पदवी मिळाली का.

मुलांना नेमकं कळतं, अडकलं कुठे आहे ते.

ओकाबे त्या संध्याकाळी माझ्याबरोबर आला तो परत माळ्यावर गेलाच नाही. फ्राऊ ब्रान्डलनी काही न विचारता त्याच्यासाठी एक गादी आणि त्या नोव्हेंबरातली पहिली कोळशाची बादली वर पाठवली. दोन-तीन दिवसांत प्रोफेसरांचा निरोप आला. ओकाबेने घाबरून जाऊ नये, न्यायाधीश मुळीच रागावलेले नाहीत, उलट त्या संध्याकाळनंतर तोंडी परीक्षा म्हणजे केवळ उपचार राहिला आहे. पदवी झाल्यातच जमा.

"घे!" फ्राऊ ब्रान्डल म्हणाल्या. "त्यांच्याकडून घे, त्यांच्या तोंडावर दार आपट आणि जा. वेडा आहेस का?"

मीही तेच म्हटलं. मी मध्यमवर्गीय घरातला, माझ्या आईने बोटीवर चढताना मला एवढंच सांगितलं होतं, की पदवीशिवाय तोंड दाखवू नकोस. "कागद घे," मी म्हटलं. "क्योतोला जाऊन मग काय प्रायश्चित्त घ्यायचं ते घे. इतकी वर्षं घालवलीस. तिकडे आईवडील वाट बघत असतील."

"बघताहेत," तो म्हणाला. शेगडीजवळ बसून तो हात शेकत होता. "माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण काय आहे माहीत आहे तुला?"

"काचेबद्दल असेल."

"कर्ता नाही, असं सिद्ध केलं आहे मी. पश्चिमेच्या सगळ्या आक्षेपांना उत्तरं देऊन. फार सुंदर झालं आहे. मी त्यासाठीच आलो होतो इथे. जपानमध्ये ते मला कुणी सिद्ध करून दिलं नसतं, हरल्यानंतर तिकडे सगळे गप्प झाले. मला वाटलं, इथे, त्यांच्या तर्काने, घट्ट बांधून घेतलं की मग झोप लागेल. न्यायाधीशांचा मला राग नाही रे. ते माझंच प्रकरण वाचत होते. तोंडात केक घेऊन. तेव्हा मला ते पहिल्यांदा ऐकू आलं."

मी शेगडीत आणखी एक कोळसा टाकला.

"पदवी घेतली तर मला तिकडे नोकरी मिळेल," तो म्हणाला. "नोकरी मिळाली की ते शिकवावं लागेल. समोर वीस वर्षांची मुलं असतील, आणि त्यांना बरं वाटेल."

डिसेंबर लागायच्या आत तो निघाला. इटलीपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट. स्टेशनच्या छपराची अजून डागडुजी चालली होती आणि फटीतून तेच ते विसळलेलं पाणी खाली झिरपत होतं. प्रबंध त्याने कुठे ठेवला ते मी विचारलं नाही. त्याच्याकडे एक लहान पेटी होती, आणि अंगात तो धिप्पाड जर्मनाचा कोट. मी फ्राऊ ब्रान्डलनी दिलेला पाव आणि उकडलेली अंडी त्याच्या हातात दिली आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तत्त्वज्ञान सोडलंस म्हणायचं."

"नाही," तो डब्याच्या दारातून म्हणाला. "शेवटचं प्रकरण चुकलं आहे, ते पुन्हा लिहायला हवं. पण एक गोष्ट आहे, ती मला कुठे बसवता येत नाही."

"कोणती?"

"तो कैदी. मी पुढे झालो तेव्हा तो शिंकला. सर्दी झाली होती त्याला. मग त्याने नाक पुसायला हात उचलला, आणि तो उचलला जाईना, तेव्हा त्याने खाली बघितलं. हात बांधले आहेत हे तो तेवढ्यात विसरला होता." गाडीला धक्का बसला आणि ओकाबेने दांडा धरला. "मग तो माझ्याकडे बघून जरासा हसला. चूक झाली की माणूस हसतो ना, ओशाळून, तसा."

गाडी हलली. मी तिच्याबरोबर थोडं चाललो, तेव्हा मला चालता येत असे, आणि मला काहीतरी सांगायचं होतं त्याला. काचेबद्दल, किंवा निदान अंडी आधी खा, असं काहीतरी. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि मी फलाटाच्या टोकाला पोचून थांबलो तेव्हाही त्याने मान वर केलेली नव्हती.